चला पोट्टेहो, यवतमाळले!

मॉल झाला, वॉटरपार्क झाला, लोणावळ्याचं रिसॉर्टही तीनदा झालं... आता मुलांना घेऊन कुठं? उत्तर जरा लांबचं आहे, पण एकदम हटके. जिथं टी-शर्ट झाडाला लागतो आणि वाघ तीन हजार किलोमीटरच्या वॉकला निघतो, त्या जिल्ह्यातली ही चार दिवसांची फॅमिली ट्रिप.

"यवतमाळ? मुलांना घेऊन? तिथं काय आहे?"

ऑफिसच्या कॅण्टीनमध्ये सुट्टीचा प्लॅन सांगितला की हे तीन प्रश्न ठरलेले. गोवा म्हटलं की लोक हॉटेलचं नाव विचारतात, महाबळेश्वर म्हटलं की स्ट्रॉबेरी आणायला सांगतात. यवतमाळ म्हटलं की चेहरा एकदम सीरियस करतात. यात त्यांचाही दोष नाही म्हणा. शहरातल्या आपल्यासारख्यांना हा जिल्हा माहीत आहे तो बातम्यांमधून, आणि त्या बातम्या शेतकरी आत्महत्यांच्या. २००६ मध्ये पंतप्रधानांनी विदर्भातल्या ज्या सहा जिल्ह्यांसाठी खास पॅकेज जाहीर केलं, त्यातला हा एक. एखाद्या गावाची ओळख कायम वाईट बातमीतूनच झाली की तिथं फिरायला जायचं आपल्या डोक्यातच येत नाही.

आम्ही मात्र दरवर्षी जातो. कारण साधं आहे, नवऱ्याच्या आत्याबाई कळंब तालुक्यात राहतात. सोबत दहा वर्षांची थोरली आणि सहा वर्षांचा धाकटा. दोघंही अस्सल पुणेरी फ्लॅटमधली मुलं. दूध पिशवीतून येतं आणि कपडे कुरिअरवाले काका आणतात, यावर दोघांचा ठाम विश्वास! यवतमाळ मला आवडतं ते याच्यासाठी. या जिल्ह्यात प्रत्येक गोष्टीची सुरुवात बघायला मिळते. कापड जिथून सुरू होतं ते शेत, रेल्वे जशी सुरू झाली तो रूळ, वाघ जिथून चालायला लागला ते जंगल. मुलं घरी येतात ती पोतंभर प्रश्न घेऊन. काही प्रश्नांची उत्तरं आपल्याकडेही नसतात, हा या ट्रिपमधला बोनस.

आणि हो, तिकडं गेलात की तुमची मुलं 'मुलं' राहत नाहीत, 'पोट्टे' होतात. "काऊन रे पोट्ट्या, जेवला का नाही?" असं कुणी विचारलं तर दचकू नका. तो वऱ्हाडी लाड आहे. आमच्या धाकट्याला हा शब्द इतका आवडला की पुण्यात येऊन त्यानं सगळ्या सोसायटीला पोट्टे करून टाकलं.

शकुंतला कुठं गेली?

पहिला दिवस यवतमाळ शहराला द्या. समुद्रसपाटीपासून साधारण साडेचारशे मीटर उंचीवरचं हे गाव. डिसेंबरात सकाळी चांगली थंडी असते. तर्री पोह्यांची प्लेट हातात घ्यायची (मुलांच्या प्लेटमध्ये तर्री वेगळी मागून घ्या, प्लीज!) आणि निघायचं शकुंतलेच्या शोधात.

शकुंतला म्हणजे यवतमाळ ते मूर्तिजापूर धावणारी नॅरोगेज गाडी. ११३ किलोमीटरचा हा मार्ग विसाव्या शतकाच्या सुरुवातीला घातला गेला, तो कापसासाठी. इथला कापूस मूर्तिजापूरला मेन लाइनवर पोचवायचा, तिथून मुंबई, तिथून बोटीनं थेट इंग्लंड. गंमत म्हणजे तिला ओढणारं वाफेचं इंजिन मॅंचेस्टरला बनलेलं, १९२१ सालचं. म्हणजे कापूस जायचा त्या मुलखात आणि इंजिन आलं त्याच मुलखातून! ते इंजिन १९२३ पासून तब्बल सत्तर वर्षं राबलं. १५ एप्रिल १९९४ ला त्याला निवृत्ती मिळाली आणि डिझेल इंजिन आलं. मार्गाची मालकी स्वातंत्र्यानंतरही एका खासगी ब्रिटिश कंपनीकडे राहिली, ही तर सगळ्यात भारी गोष्ट. गाडीत स्टाफ इतका कमी की गार्डच तिकिटं विकायचा.

आता ही गाडी बंद आहे. मग मुलांना काय दाखवायचं? रूळ! दारव्ह्याच्या बाजूला गवतात हरवलेले रूळ दिसतात. आम्ही घरून मेजरिंग टेप नेली होती. दोन रुळांमधलं अंतर भरलं अडीच फूट. धाकटा एका रुळावर एक पाय, दुसऱ्यावर दुसरा पाय टाकून उभा राहिला आणि "मी ट्रेन आहे" म्हणाला. परतीच्या प्रवासात मोठ्या स्टेशनवर थोरलीला नेहमीच्या ब्रॉडगेजचा अंदाज करायला सांगितला. (रुळावर उतरून नाही हं, प्लॅटफॉर्मवरून!) साडेपाच फूट असतात, म्हणजे दुपटीहून जास्त. एका टेपच्या खर्चात इतिहास, भूगोल आणि गणित. कुठल्या ॲक्टिव्हिटी सेंटरला जमेल?

शकुंतलेची जागा घेणारी नाही, पण दुसऱ्या दिशेनं यवतमाळकडे येणारी एक नवी गाडी आहे. वर्धा-यवतमाळ-नांदेड हा २८४ किलोमीटरचा ब्रॉडगेज मार्ग टप्प्याटप्प्यानं होतोय, आणि २८ फेब्रुवारी २०२४ ला त्यातल्या वर्धा ते कळंब टप्प्यावर गाडी सुरू झाली. वेळापत्रक जुळत असेल तर मुलांना हा छोटा प्रवास नक्की घडवा.

टी-शर्टचं झाड

दुसरा दिवस शेताचा. हा आमच्या ट्रिपचा हायलाइट, आणि याला एक रुपयाचंही तिकीट नाही.

ऑक्टोबरपासून जानेवारीपर्यंत या जिल्ह्यातून गाडीनं जाताना दोन्ही बाजूंना पांढरे ठिपके दिसत राहतात. ही पऱ्हाटी, म्हणजे कापसाचं झाड. काळी जमीन, हिरवट-तपकिरी झाडं आणि त्यावर फुटलेली पांढरी बोंडं. पहिल्या वेचणीच्या आधी शेतात 'सीतादही' करतात. पूजा करून दहीभाताचा नैवेद्य दाखवायचा, मग वेचणीला हात लावायचा. तुमची ओळख असेल आणि तो दिवस साधता आला तर सोडू नका.

माझे दीर शेती बघतात. त्यांनी मुलांच्या कमरेला जुन्या लुगड्याच्या ओट्या बांधून दिल्या आणि म्हणाले, "घ्या, तुमचा टी-शर्ट तुमीच वेचा आता."

"एका टी-शर्टला किती लागतो काका?" थोरलीनं विचारलं. तिथून जो हिशेब सुरू झाला, तो तुम्हीही मुलांबरोबर करून बघाच.

मुलाचा नव्हे, आपल्या मापाचा टी-शर्ट धरा. वजन साधारण २०० ग्रॅम. शेतातून येतो तो सरकीसकटचा कापूस. जिनिंगमध्ये सरकी वेगळी झाली की रुई उरते वजनाच्या जेमतेम एक तृतीयांश. म्हणजे २०० ग्रॅमच्या टी-शर्टला सहाशे ग्रॅम कापूस तरी हवा. एका चांगल्या बोंडात कापूस भरतो चार-पाच ग्रॅम. म्हणजे एक टी-शर्ट बरोबर सव्वाशे ते दीडशे बोंडं!

मुलं जोशात कामाला लागली. दहा मिनिटांत जोश निम्मा. बोंडाची वाळलेली टोकं बोटांना टोचतात, कापसाबरोबर पानांचा कचरा येतो आणि तो आला तर भाव पडतो. त्यामुळे नीट निवडून वेचावं लागतं. शेजारच्या ओळीतून बायका दोन्ही हातांनी इतक्या सहज पुढं जात होत्या की आमची वरात बघून त्यांना हसू आवरेना. त्यातल्या एकीनं धाकट्याला विचारलं, "काय बापू, मजुरी किती घेशीन?" वेचणीची मजुरी किलोवर मिळते. अर्ध्या तासानं दोघांच्या ओट्या मिळून वजन केलं तर चारशे ग्रॅम. टी-शर्टला बाही कमी पडली!

मग आला थोरलीचा पुढचा प्रश्न. "या चारशे ग्रॅमचे काकाला किती पैसे मिळणार?"

केंद्र सरकारनं २०२५-२६ च्या हंगामासाठी लांब धाग्याच्या कापसाला जाहीर केलेला हमीभाव आहे क्विंटलला ८,११० रुपये. मध्यम धाग्याला ७,७१०. लांब धाग्याचा जरी धरला तरी किलोला ८१ रुपये. म्हणजे आपल्या टी-शर्टच्या सहाशे ग्रॅमला पन्नासच्या आत. त्यातून बियाणं, खत, फवारणी, वेचणीची मजुरी, वाहतूक, सगळं जायचं. बाजारात भाव हमीभावाच्या खाली गेला तर आणखी कमी. माझ्या अंगातला टी-शर्ट सेलमध्ये घेतलेला, आठशे रुपयांचा. थोरलीनं माझ्याकडे बघितलं, टी-शर्टकडे बघितलं आणि विचारलं, "मग बाकीचे साडेसातशे कुणाचे?"

कताई, विणाई, रंग, शिलाई, ब्रॅण्ड, जाहिरात, दुकानाचं भाडं... मी बोटं मोजत गेले. सगळं खरं होतं. तरी ती गप्प झाली नाही. दीर मात्र हसून म्हणाले, "वहिनी, तुमची पोरगी बरोबर इचारते. आमी बी हेच इचारतो." मुलांना शेतकऱ्यांची दुःखं सांगून रडवायची गरज नसते. हा हिशेब पुरेसा आहे. पुढं बातमी कानावर पडली की तिला संदर्भ असतो.

एक गोष्ट मात्र सांभाळा. ज्या दिवशी शेतात किंवा बाजूच्या शेतात फवारणी चालू असेल त्या दिवशी मुलांना अजिबात नेऊ नका. २०१७ मध्ये याच जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसहून जास्त शेतकरी-शेतमजुरांचे जीव गेले होते. शेतमालकाला आधी विचारा, फुल बाह्यांचे कपडे, बूट घाला आणि बाहेर पडल्यावर साबणानं हात धुतल्याशिवाय तोंडात काही घालू देऊ नका.

हात धुतल्यावर मात्र खुशाल घालू द्या! कापसाच्या ओळींमध्ये तूर असते. तिच्या ओल्या शेंगा मिठाच्या पाण्यात उकडून आत्याबाईंनी परातभर समोर ठेवल्या. चिप्सच्या पाकिटाची आठवणही कुणी काढली नाही. रात्री रोडगे आणि वांग्याची भाजी. गोवऱ्यांवर भाजलेला रोडगा फोडून त्यात तूप ओततात. "तूप कमी घाला, डाएट आहे" असं म्हणून बघा, आत्याबाई तुमच्याकडे कशा बघतात ते!

जमिनीखालचा बाप्पा, एकटी सीता

तिसऱ्या दिवशी दोन देवळं. मुलं कंटाळतील असं वाटतंय? थांबा.

कळंबचा चिंतामणी हा विदर्भातल्या अष्टविनायकांपैकी एक. यवतमाळहून नागपूरच्या रस्त्यावर वीसेक किलोमीटर. आपल्याला देवळात पायऱ्या चढून जायची सवय. इथं पायऱ्या उतरून जायचं. देऊळ जमिनीच्या पातळीच्या खाली आहे. समोर कुंड आहे, आणि काही वर्षांनी त्यातलं पाणी वाढत वाढत थेट बाप्पाच्या पायाशी येतं अशी या स्थानाची ख्याती. लोक बारा वर्षांचा हिशेब सांगतात. धाकट्यानं उतरताना पायऱ्या मोजल्या, चढताना मोजल्या, आकडे जुळले नाहीत म्हणून पुन्हा खाली गेला. त्याचं दर्शन तीनदा झालं.

तिथून राळेगावकडे वळा. राळेगावजवळच्या रावेरी गावात सीतेचं मंदिर आहे. राम नाही, लक्ष्मण नाही, एकटी सीता. गावात कथा सांगतात ती अशी. रामानं सोडल्यावर सीता इथं राहिली, इथंच लव-कुश झाले. बाळंतीण सीता गावात पसाभर गहू मागायला गेली. कुणी दिले नाहीत. मग तिनं शाप दिला, या गावात गहू पिकणार नाही. लव-कुशांनी ज्याला बांधून ठेवलं तो मारुतीही जवळच आहे.

दहा वर्षांच्या मुलीला ही गोष्ट सांगून बघा. आमच्याकडे पहिला प्रश्न होता, "तिच्या नावावर घर नव्हतं का?" मला हसू आलं आणि मग आठवलं की नेमका याच प्रश्नाशी या देवळाचं नातं आहे. शेतकरी संघटनेचे नेते शरद जोशी यांच्या पुढाकारानं या मंदिराचा जीर्णोद्धार झाला. याच संघटनेनं 'लक्ष्मीमुक्ती' नावाची मोहीम चालवली होती. नवऱ्यांनी स्वखुशीनं शेतजमिनीचा तुकडा बायकोच्या नावावर करायचा. टाकलेल्या सीतेचं देऊळ आणि बायकोच्या नावावरचा सातबारा, दोन्ही मागे एकच विचार. गाडीत बसल्यावर थोरलीनं बाबाला विचारलं, "आपला फ्लॅट कुणाच्या नावावर आहे?" दोघांच्या. सुटले बाबा!

वॉकरच्या घरी

आता बच्चेकंपनी ज्याची वाट बघतेय तो मुक्काम. पांढरकवड्याजवळचं टिपेश्वर अभयारण्य. टिपाई देवीच्या नावावरून टिपेश्वर. १९९७ मध्ये अभयारण्य जाहीर झालं, क्षेत्रफळ सुमारे १४८ चौरस किलोमीटर. ताडोबाच्या तुलनेत पिटुकलं. पण इथल्या वाघांनी नाव कमावलंय ते चालण्यात.

मुलांना सफारीच्या आदल्या रात्री ही गोष्ट जरूर सांगा. टिपेश्वरमध्ये जन्मलेल्या एका तरुण वाघाला फेब्रुवारी २०१९ मध्ये रेडिओ कॉलर लावली. जूनमध्ये तो जंगलातून बाहेर पडला आणि चालतच सुटला. कधी तेलंगणात, कधी महाराष्ट्रात. शेतं, नाले, रस्ते ओलांडत, दिवसा लपून आणि रात्री चालून. डिसेंबर २०१९ मध्ये तो बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. कॉलरवरून हिशेब केला तर पठ्ठ्या तीन हजार किलोमीटरहून जास्त चालला होता! जगानं त्याला नाव दिलं 'वॉकर'. एप्रिल २०२० मध्ये त्याची कॉलर काढली. टिपेश्वरचाच आणखी एक वाघ २०२४ च्या अखेरीस थेट धाराशिव जिल्ह्यातल्या येडशी रामलिंग अभयारण्यात दिसला.

का चालतात हे वाघ एवढे? घर लहान आणि मेंबर जास्त झाले, म्हणून. वयात आलेल्या नर वाघाला स्वतःचा इलाका लागतो. जंगलात जागा मिळाली नाही तर शोधायला बाहेर पडावंच लागतं. धाकट्याला हे लगेच पटलं. ताईबरोबर एका खोलीत राहण्याचा त्याला सहा वर्षांचा अनुभव आहे.

पहाटे जिप्सीत बसलो तेव्हा दात वाजत होते. सागाची पानं दवानं जड होऊन खाली पडत होती, टप्प, टप्प. वाघ दिसेल का नाही ही चर्चा पहिल्या अर्ध्या तासात संपवा आणि मुलांना बाकीच्या गोष्टींना लावा. आम्ही वही नेली होती. चितळ, सांबर, रोही (नीलगाईला इथं रोही म्हणतात), मोर, वारूळ, मोहाचं झाड... दिसेल त्यावर टिक. गाईडनं जिप्सी थांबवून धुळीतला पंजा दाखवला. धाकट्यानं आपला हात हवेत धरून त्याच्याशी मापला. पंजा मोठा निघाला. मग लांबून चितळाचा कॉल आला, सगळे श्वास रोखून बसले, पाच मिनिटं, दहा मिनिटं... आणि वाघोबा आले नाहीत. तरीही सहा वर्षांचं पोरगं दहा मिनिटं न बोलता बसलं होतं. माझ्या लेखी साइटिंग झालं!

याच मुलखातली दुसरी गोष्टही मोठ्या मुलांना सांगायला हवी. पांढरकवडा-राळेगाव भागातल्या अवनी वाघिणीची. तेरा माणसांचे मृत्यू तिच्या नावावर धरले गेले आणि २ नोव्हेंबर २०१८ ला तिला गोळी घालण्यात आली. शहरांत तिच्यासाठी मेणबत्त्या लागल्या. इथल्या गावांत लोकांनी सुटकेचा निःश्वास टाकला. ज्या कापसाच्या शेतात आदल्या दिवशी मुलं ओटी बांधून फिरली, तशाच शेतांमध्ये माणसं मेली होती. थोरलीनं विचारलं, "मग वाघ चांगला का वाईट?" गाईड म्हणाला, "वाघ वाघ हाय बाई. आमाले त्याच्यासंगच रायचं हाय." वॉकर सगळ्यांना हवा असतो. पण तो चालतो ते रस्ते कुणाच्या तरी शेतातून जातात आणि त्या शेतात पहाटे कुणाची तरी आई कापूस वेचायला जाते. आपण जिप्सीतून तीन तासांत बाहेर येतो. ते तिथंच असतात.

ऋतू बदला, प्लॅन बदला

हिवाळ्यात जमत नसेल तर?

पोळ्याला जा. श्रावण अमावास्येला बैलांचा पोळा आणि दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा, खास पोट्ट्यांचा! चाकांचे लाकडी नंदीबैल सजवायचे, ओढत घरोघर न्यायचे आणि प्रत्येक घरून बोजारा, म्हणजे खाऊ किंवा पैसे, वसूल करायचे. विदर्भाबाहेरच्या मुलांना हे माहीतच नसतं. एकदा कळलं की हॅलोवीनच्या गप्पा बंद.

नवरात्रात जा. यवतमाळचा दुर्गोत्सव दणक्यात असतो. कोलकात्यानंतर आमचाच नंबर, असं यवतमाळकर छाती फुगवून सांगतात. भव्य मूर्ती, देखावे, रोषणाई आणि रात्री रस्त्यावर सगळं गाव. लहान मुलांच्या खिशात तुमचा मोबाइल नंबर लिहिलेली चिठ्ठी ठेवायला विसरू नका.

पावसाळ्याच्या शेवटी जा. उमरखेडच्या बाजूला, नांदेडच्या सीमेवर पैनगंगेचा सहस्रकुंड धबधबा आहे. काळ्या कातळावरून कोसळणारं पाणी बघून मोठ्यांचीही वाचा बंद होते. पण खडक निसरडे आहेत आणि पाण्याला ओढ भयंकर. इथं सेल्फी नको, मुलांचा हात सोडणं तर नकोच नको. लांबून बघा, पोटभर बघा.

फक्त एप्रिल-मे टाळा. पारा ४५ च्या घरात जातो. सुट्टी शाळेला असली तरी सूर्याला नसते!

चार दिवसांचा रेडी प्लॅन

कसं जाल? मुंबई-पुण्याहून रेल्वेनं येणार असाल तर धामणगाव किंवा वर्धा स्टेशनला उतरा. धामणगावहून यवतमाळ साधारण ५० किलोमीटर, वर्ध्याहून ७०. विमानानं नागपूर, तिथून सुमारे १५० किलोमीटर रस्ता. स्वतःची गाडी असेल तर समृद्धी महामार्गानं धामणगावपर्यंत या आणि तिथून यवतमाळकडे वळा.

पहिला दिवस : यवतमाळ शहर, शकुंतलेचे रूळ.

दुसरा दिवस : कापसाचं शेत. ओळखीचं कुणी नाही? ऑफिसमध्ये विचारा. आयटीतल्या प्रत्येक फ्लोअरवर एक तरी यवतमाळकर असतोच, आणि विचारल्यावर तो नाही म्हणत नाही. शेतात जाताना मोकळ्या हातानं जाऊ नका, आणि वेचलेला कापूस शेतकऱ्याच्या ढिगातच टाका. ती त्याची कमाई आहे. आठवण म्हणून एक बोंड मागून घ्या.

तिसरा दिवस : कळंबचा चिंतामणी, रावेरीचं सीतामंदिर, संध्याकाळी पांढरकवडा किंवा टिपेश्वरच्या सुन्ना गेटजवळ मुक्काम.

चौथा दिवस : सकाळची सफारी, मग परत. सफारीचं बुकिंग वनविभागाच्या पोर्टलवर आधीच करा. पावसाळ्यात पर्यटन बंद असतं. आठवड्याची सुट्टी, मुलांचं तिकीट आणि मोबाइल-कॅमेऱ्याचे नियम बुकिंगच्या वेळी नीट वाचून घ्या.

बॅगेत काय? पहाटेच्या उघड्या जिप्सीसाठी स्वेटर, कानटोपी. दुपारसाठी टोपी आणि पाण्याच्या बाटल्या. मातकट, हिरवट रंगाचे कपडे (लाल-पिवळे जॅकेट घरीच). एक मेजरिंग टेप, एक वही, दोन पेन्सिली. जमलं तर छोटा वजनकाटा. आणि मुलांच्या प्रश्नांना उत्तर येत नसेल तेव्हा "थांब, काकांना विचारू" म्हणायची तयारी. इथले काका सांगतात. फुरसतीनं, चहा पाजून सांगतात.